बोलणी आधी त्यांनी काढायची

२८ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर माणसाने मनाला शिस्त लावली पाहिजे. एस.टी.त कंडक्टर असताना आयुष्यभर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल लिहिलं, एकदाही खाडाखोड नाही. (थोडी होती. पण त्याला कारणं होती.)

विषय: प्रिस्किला. आमची एकुलती. सुरतेच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिथून केरळात त्रिशूरजवळ नोकरी धरली. आता तिथल्याच शिजोशी लग्न करायचं म्हणते. तो आधी सुरतेत तिच्याच वॉर्डात होता. तोही नर्स. मुलगा नर्स असतो, हे मी पचवलं. माणसाने मॉडर्न असावं.

शिजोच्या घरच्यांनी मला भेटायला बोलावलंय. जाणार. रेल्वेने एवढा लांबचा प्रवास पहिलाच, पण प्रवास हे माझं क्षेत्र आहे. नवापूर-शहादा मार्गावर मला न ओळखणारा माणूस नव्हता.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
सोमीबाई येणार नाही. तिचे गुडघे. शिवाय पोल्ट्रीच्या शेडकडे घरचं माणूस हवं. बायको घरी राहिली की प्रवास सुटसुटीत होतो, असं मी म्हटलं. ती भाकऱ्या थापत राहिली. पटलं असावं.

प्रिस्किलाचा फोन. तिथली पद्धत समजावून सांगत होती. तिथे म्हणे मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा, मग पुढचं ते लोक बघतात. पप्पा, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी काही नको. हे तिने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, बघू.

पोरगी पाचवीपासून होस्टेलला. आपली रीत तिला काय माहीत? बोलणी आधी मुलाकडच्यांनी काढायची. मुलीच्या बापाने गप्प बसायचं. तो जितका गप्प, तितकी मुलीची किंमत वर. माझे सासरे तीन बैठका छताकडे बघत बसले होते, माझ्या बापाला घाम फुटला होता. शेवटी होकारसुद्धा पंचांनी सांगितला, सासऱ्यांनी नाहीच. चर्चला जायला लागलो म्हणून रीत सोडलेली नाही.

निश्चय: तोंड उघडायचं नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
निजामभाईच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलो. त्याला बेत सांगितला. तो हातातलं माप खाली ठेवून म्हणाला, जोएलभाऊ, तठे तुन्ही रीत कोनले माहीत शे? तू मुका बसशी ते त्या समजतीन, हाऊ मानूस नाराज शे.

निजामभाई चांगला माणूस, पण खाद्यापलीकडे त्याचा अभ्यास नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांच्या देखत मी सांगून टाकलं की केरळची मंडळी स्वतः नवापूरला येतील, हात जोडून बोलणी काढतील, बघाच. आता बोलून गेलोय म्हणजे तसंच व्हायला हवं.

४ नोव्हेंबर, सोमवार
निघालो. सामान: दोन जोड कपडे, सूट (लग्नातला, अजून जवळजवळ बसतो), दहा किलो नवापूरची तूर डाळ. केरळात डाळ कुठली असायला.

सुरतेला गाडी बदलली. रेल्वेवाल्यांना गर्दी हाताळता येत नाही. डब्यात शिरल्याबरोबर सवयीने आवाज दिला, चला, पुढे सरका, मागे जागा आहे. कुणी सरकलं नाही. एका बाईने उलट मलाच विचारलं, चहा कितीला?

संध्याकाळी टी.सी. आला. म्हणाला, तुमचा डबा पुढचा, हा नव्हे. माझी चूक नाही, डबेच भलत्या क्रमाने लावले होते. डाळ डोक्यावर घेऊन पुढच्या डब्यात गेलो. तिथे वरचा बर्थ. चढताना कंबरेत काहीतरी वाजलं. किरकोळ.

५ नोव्हेंबर, मंगळवार
बोगदे. बाहेर हिरवं. मग बोगदा. मग आणखी हिरवं. आपल्याकडे असं हिरवं श्रावणात चार दिवस दिसतं आणि माणसाला बरं वाटतं. इथे नोव्हेंबरातसुद्धा मोकळी जमीन नाही. भिंतीवर शेवाळ, शेवाळावर वेल, वेलावर आणखी काहीतरी. शिस्त नाही.

खरं सांगायचं तर दोनदा उठून डब्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. ही एवढी लांब, इतक्या हिरव्यात, एकटी आली. मी तिला सोडायला सुरतेपर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. ड्युटी होती.

६ नोव्हेंबर, बुधवार
पोचलो. प्लॅटफॉर्मवर प्रिस्किला धावत आली आणि गळ्यात पडली. बारीक झालीये. मला तसं सांगायचं होतं, पण शिजो शेजारी उभा होता.

शिजो: उंच, सावळा, हसरा. डाळीचं पोतं माझ्या हातातून घेतलं आणि खांद्यावर टाकून पुढे चालू लागला. मुलगा उत्तम आहे. अर्थात हे तोंडावर दाखवायचं नसतं, भाव उतरतो.

प्रिस्किला होस्टेलवर राहते, म्हणून माझी सोय शिजोच्या घरी. त्याचे वडील कुरियनसाहेब, पांढरी लुंगी, पांढऱ्या मिशा. हिंदी येत नाही. प्रिस्किला त्यांच्याशी फडाफडा मल्याळम बोलते. मला एक अक्षर कळलं नाही. पोरगी आपली वाटेना क्षणभर.

जेवणात भात. दाणे एवढे जाड की मोजता यावेत. वर तळलेली केळी. केळी शहाद्याचीच बरी. हेही बोललो नाही. मौनाचा पहिला दिवस यशस्वी.

७ नोव्हेंबर, गुरुवार
कुरियनसाहेबांनी सकाळी रबराची झाडं दाखवली. मग मिरवेली. मग होडीतून फिरवलं. प्रत्येक ठिकाणी थांबून माझ्याकडे बघत, काहीतरी ऐकायचं असल्यासारखे. मी मान हलवत होतो. बोलणी काढायला धजत नाहीयेत बिचारे. दबाव वाढतोय.

पाण्यावर दोन्ही बाजूंनी माड वाकलेले, मधून होडी. सुंदर होतं. सोमीला हे दाखवायला हवं होतं. नारळ डोक्यात पडेल म्हणून मी सारखा वर बघत होतो, कुरियनसाहेबांना वाटलं मी नाराज आहे. प्रिस्किलाने तसं विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

तिने हळूच विचारलं, पप्पा, तुम्हाला शिजो आवडला का? मी म्हटलं, बघू. तिचा चेहरा उतरला. पोरीला दम नाही. एकदा सगळं जमलं की समजेल, बापाने किती धोरणाने केलं.

शिजोच्या आईने आपली डाळ शिजवली. सगळ्यांनी दोनदा घेतली. हा शुभशकुन.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
मोठा दिवस. सूट घातला. (वरचं बटण लागलं नाही, पण वरचं बटण हल्ली कोणीच लावत नाही.) बैठकीत शिजोचे दोन काका आणि त्यांच्या चर्चचे फादर. म्हणजे पंचच. मला हायसं वाटलं, रीत सगळीकडे सारखीच.

सगळे बसले. केळ्याचे वेफर्स, चहा. कुरियनसाहेब उभे राहिले, बराच वेळ काही बोलले. प्रिस्किलाने मराठीत सांगितलं: ते विचारतात, या लग्नाला तुमची खुशी आहे का?

मला माहीत होतं, ही परीक्षा आहे. पहिल्या विचारण्याला तोंड उघडलं की संपलं. मी छताकडे बघितलं. सासऱ्यांच्या वेळी छत कौलारू होतं, इथे पंखा फिरत होता.

फादरनी मोडक्या हिंदीत पुन्हा विचारलं, आपको कुछ कहना है? मी हात जोडले आणि म्हटलं, मी पाहुणा, मी ऐकतो. छान जमलं वाक्य.

प्रिस्किला म्हणाली, पप्पा, प्लीज. एवढंच. मी छताकडेच बघत राहिलो.

कुरियनसाहेबांनी मला नमस्कार केला आणि आत गेले. काका लोक चपला घालू लागले. वेफर्स तसेच राहिले.

माझा अंदाज: आता आपसात ठरवतील आणि उद्या नवापूरला केव्हा येऊ म्हणून विचारतील. सोमीला फोन करून कळवलं की बैठक जिंकली. तिने विचारलं, म्हणजे तू हो म्हणालास? मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
शिजोची आई नाश्ता ठेवून लगेच आत गेली.

शिजो मला चालायला घेऊन गेला. पाऊस भुरभुरत होता. छत्री एकच, ती त्याने पूर्ण माझ्यावर धरली, स्वतः भिजत होता. नदीच्या पुलावर थांबून हिंदीत म्हणाला, अंकल, मैं आपको पसंद नहीं हूँ क्या?

मला तो फार आवडला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. पण मुलाने स्वतः विचारणं म्हणजे बोलणी नव्हे, मोठ्यांनी काढायची असतात. म्हणून म्हटलं, ये बड़ों की बात है। त्याने मान हलवली. सॉरी म्हणाला. परतताना छत्री मात्र माझ्यावरच होती.

मनाला लागलं थोडं. पण रीत.

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चनंतर प्रिस्किला मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसली. डोळे सुजलेले. कुरियनसाहेबांनी नाही म्हटलंय. म्हणाले, वडिलांची इच्छा नसताना आम्ही मुलगी घरात आणणार नाही, त्यांचा तळतळाट लागेल.

मी म्हटलं, कोणाची इच्छा नाही? मग सगळी रीत समजावून सांगितली. सासरे, छत, मुलीची किंमत, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पप्पा, मी फोनवर सांगितलं होतं. एक शब्द होता.

मी उठलो. म्हटलं, चल, आत्ता सांगतो. घरी जाऊन थेट कुरियनसाहेबांसमोर उभा राहिलो. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत: यस. फुल यस. आवाज असा लावला की भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जावा. शेजारी बाहेर आले.

कुरियनसाहेबांनी मला खुर्ची दिली. प्रिस्किलाला काहीतरी विचारलं. ती मान खाली घालून उभी राहिली, मला सांगेना. शेवटी शिजोने मला हिंदीत सांगितलं: माझे पप्पा तिला विचारतात, तू रडून तुझ्या वडिलांकडून हे वदवून घेतलंस का? मुलीने रडून आणलेला होकार त्यांना नको.

मी पुन्हा यस म्हटलं. आता ते आणखी खोटं वाटलं. मलाच ऐकू आलं.

११ नोव्हेंबर, सोमवार
परतीची गाडी. स्टेशनवर सोडायला शिजो आला. प्रिस्किलाची ड्युटी होती. ड्युटी असते माणसाला.

डबा बरोबर सापडला. बाहेर बघितलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार
घरी. सोमीने सगळं विचारलं. मी थोडक्यात सांगितलं की चर्चा सकारात्मक झाली, तपशील बाकी आहेत. तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ आली नाही.

निजामभाईच्या दुकानात जायचं टाळलं. खाद्य शहाद्याहून मागवलं. महाग पडलं, पण दर्जा चांगला आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सोमीने व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे शिजोची आई. एकीला मल्याळम, दुसरीला आमची बोली, मध्ये प्रिस्किला. मी भिंतीआडून ऐकलं. सोमी म्हणाली, तो माणूस मनात एक ठेवतो आणि तोंडाने दुसरंच, मी त्याला आयुष्यभर ओळखते. पोर आमची तुमचीच समजा, माझा होकार, आणि त्याचाही, मी सांगते म्हणून. मग दोघी रडल्या. मग हसल्या. मग गुडघ्यांवर कोणतं तेल लावावं, यावर बोलल्या.

जमलं. आईचा शब्द कुरियनसाहेबांनाही चालला. शनिवार, तीस तारखेला लग्न, छोटंसं. मी आत येऊन म्हटलं, बघ, शेवटी जमलंच की नाही. निश्चय: सूट सैल करून घेणे. तिकिटं काढणे, दोन, खालचे बर्थ.

१७ नोव्हेंबर, रविवार
तिकीट एकच काढायचं आहे. सोमीने जेवताना सांगितलं. प्रिस्किला म्हणते, मम्मी, तू एकटी ये. चर्चमध्ये फादर सगळ्यांसमोर विचारतील. पप्पा पुन्हा गप्प बसले तर? मला भीती वाटते. पप्पांना म्हणावं, दमले असतील, आराम करा.

मी म्हटलं, बरोबर आहे, माझी कंबर अजून दुखतेय. आणि कोंबड्यांकडे कोणी हवंच.

प्रिस्किलाला फोन केला. उचलला नाही. ड्युटी असेल. नंतर परत केला. परत केला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
शेडमध्ये कुणी नसताना मोठ्याने हो म्हणून पाहिलं. दोन-चारदा. चांगलं येतं. कोंबड्या दचकून एका कोपऱ्यात गेल्या, अंडी कमी झाली. उद्यापासून हळू म्हणायचं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
सोमीला गाडीत बसवलं. डबा कसा ओळखायचा, वरचा बर्थ घ्यायचा नाही, माडाखाली उभं राहायचं नाही, सगळं सांगितलं. गाडी हलल्यावर खिडकीशी चालत सांगितलं, प्रिस्किलाला म्हणावं, मुलगा मला पहिल्या दिवसापासून आवडला. सोमी म्हणाली, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. गाडी पुढे गेली.

३० नोव्हेंबर, शनिवार
सकाळी सूट घालून बघितला. काढून ठेवला.

दुपारी सोमीचा फोन. लग्न छान झालं. मुलीकडून कोण, असं फादरनी विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि हो म्हणाली. प्रिस्किला फार सुंदर दिसत होती म्हणे. मागे बँड वाजत होता, लोक हसत होते. मला रडू आलं, ते फोनवर कळू दिलं नाही.

मी विचारलं, माझं कुणी विचारलं का?

सोमी म्हणाली, कोंबड्यांना पाणी दिलं का?

दिलं होतं.