निळा दिवा आणि तुरटीचा खडा

५ मार्च २०१७, रविवार, दुपार
ही वही प्रणितानं दिली. म्हणाली, आई, मनात येईल ते सगळं मला सांगत बसू नकोस, यात लिहीत जा. लेकीनं आईच्या तोंडाला वही बांधली. असू दे. परदेशात तिच्याकडे महिन्याचा मुक्काम आहे, भांडायचं नाही असं ठरवून आलेय. वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहीन.
निश्चय: तिच्या कामात नाक खुपसायचं नाही.
आज पहाटे तिनं आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमागच्या कॅनॉलवर जाऊन तीन बाटल्या पाणी भरून आणलं. उद्या लॅबला न्यायचं, तोवर फ्रिजमध्ये. उजेड लागू नये म्हणून बाटल्यांना चांदीचा कागद. माझ्या दह्याशेजारी नाल्याचं पाणी! वर मलाच चार वेळा सांगितलं, हात लावू नकोस. मी काय रांगतं पोर आहे?

संध्याकाळ
तिचं काम समजून घेतलं. काचेची एक पट्टी, तिच्यावर कसलासा लेप. ती पाण्यात बुडवायची, वरून निळा दिवा मारायचा. पाण्यात औषधाची, प्लास्टिकची, डोळ्यांना न दिसणारी घाण असली की पट्टीतून करंट जास्त येतो आणि कॉम्प्युटरवर रेघ चढते. एका दमात कळलं. मी चौथी पास. यांना शिकायला एवढी वर्षं का लागली?
पण तिचे लिम सर म्हणतात, लॅबच्या स्वच्छ पाण्यात आपणच घाण घालून आपणच मोजली, त्यात काय मोठं? नाल्याचं पाणी मोजून दाखव. तेच पाणी मोठ्या मशीनवरही तपासणार. दोन्ही आकडे जुळले तर नोकरी पुढं चालू. नाही तर ३१ मार्चला नोकरी संपली, इथं राहायचा पास संपला, पोरगी घरी.

६ मार्च
तोंड पाडून आली. आकडे जवळ आले, पण जुळले नाहीत. पाणी गढूळ आहे, उजेड पट्टीपर्यंत पोचत नाही, म्हणाली.
गढूळ! एवढंच? शिरोळला पावसाळ्यात आमच्या घागरीत कृष्णेचा चहाच यायचा. सासूबाई तुरटीचा खडा फिरवायच्या, तासाभरात तळ दिसायचा. खडा माझ्या बॅगेत आहे. परदेशात तुरटीशिवाय जायला मी काय वेडी?
पण निश्चय म्हणजे निश्चय. बोलले नाही.

१२ मार्च, रविवार
बोलले नाहीच. करून टाकलं.
पहाटे नवं पाणी भरून ठेवून ती आंघोळीला गेली. खडा बाटलीच्या तोंडातून जाईना. बत्त्यानं फोडला, तुकडा दोऱ्याला बांधून आत सोडला. प्रत्येक बाटलीत सात फेरे. कागद होता तसा गुंडाळला, घडीसुद्धा मोडली नाही.
हात लावू नकोस म्हणाली होती. हात लावला नाही. तुरटी लावली.

१३ मार्च
सकाळी विचारते, आई, तळाला पांढरं काय बसलंय? म्हटलं, इथल्या नाल्याचं मला काय विचारतेस? हे खोटं नाही. नाला इथलाच आहे.
रात्री आली. पाणी नितळ, पण रेघ चढलीच नाही. काल पहाटे संजीव तिच्याबरोबरच होता. हा तिच्या लॅबमधला, नागपूरचा. त्यानं त्याच जागी बाटल्या भरून थेट लॅबला नेल्या. त्याच्या बाटल्यांत मोठ्या मशीनला ढीगभर घाण सापडली. म्हणजे मोठं मशीन बिघडलंय. सांगणार कोण? लिम सरांना वाटतं, अक्कल आपल्याच बापाची.
जेवली नाही. सात फेरे कमी पडले असणार.

१९ मार्च, रविवार
अकरा.

२० मार्च
रेघ आडवी झाली. पट्टीवर पांढरा थर. प्रणिता आपल्याच हाताची चूक शोधतेय, तीन पट्ट्या नव्यानं केल्या. मी धीर द्यायला म्हटलं, जमत नसलं तर चल घरी, जयसिंगपूरला कॉलेजात लागशील. ताटावरून उठून गेली. धीर कसा घ्यावा तेही हल्लीच्या पोरींना कळत नाही.
निश्चय: धीर द्यायचा नाही.

२२ मार्च
संजीव जेवायला आला. पाच थालिपिठं खाल्ली, खादाड. खाता खाता म्हणाला, काकू, चोर सापडला. थरात ॲल्युमिनियम निघालं. तो चांदीचा कागद ॲल्युमिनियमचाच असतो. लिम सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, बाटली नीट गुंडाळणं फर्स्ट इयरच्या पोरांना जमतं, तुला कॅनॉट लाह? इथल्या इंग्रजीची नक्कल संजीवनं बरी केली. प्रणिता हसली नाही. म्हणाली, चूक माझीच होती, मी सरांना तसं लिहून दिलं.
तुरटीत काय काय असतं, हे त्याला विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही. चोर सापडल्यावर पुन्हा चौकशी कशाला?

२६ मार्च, रविवार
कागद बंद. काळ्या कापडाच्या पिशव्या मीच शिवून दिल्या. शिवण पाहून प्रणितानं मला मिठी मारली. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, आई, उद्याचं शेवटचं.
आता कागदाची कटकट गेली. तुरटीला मोकळेपणानं काम करता येईल. शेवटचं आहे म्हणून एकवीस फेरे. खडा सुपारीएवढा उरला.

२७ मार्च, संध्याकाळी सहा
कागद नव्हता तरी ॲल्युमिनियम. संजीवच्या बाटल्यांत नाही, फक्त घरच्या बाटल्यांत.
बूट न काढताच आत आली. फ्रिज उघडून पाहिला. मग ओटा. मग माझी बॅग. खडा टेबलावर ठेवला, दोऱ्यासकट.
ओरडली असती तर मीही ओरडले असते, तयारीतच होते. ओरडली नाही. विचारलं, किती? म्हटलं, सात. मग अकरा. काल? एकवीस. तिनं लिहून घेतलं. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, आई, तुरटीत ॲल्युमिनियमच असतं गं.
मी म्हटलं, सासूबाईंनी सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, गुढीपाडवा
श्रीखंड तसंच पडून आहे.
लिम सर म्हणाले, घरी आईनं केलं, असं नुसतं सांगून कसं चालेल? कुठल्या दिवशी, किती फेरे, हे त्या त्या वेळी लिहिलेलं काही असेल तर आण. ते तीन रविवार बाद धरून महिनाभर मुदत मिळते का, वर विचारतो. बघतो, एवढंच म्हणाले.
त्या त्या वेळी लिहिलेलं असं या घरात एकच आहे.
प्रणितानं हात पुढं केला. मी म्हटलं, यात काही नाही, भाजीचा हिशोब आहे. हात तसाच. लिम सरांना मराठी येत नाही, हे बरं. पण संजीव इंग्रजी करून देणार आहे. लिम सरांच्या अकलेचं वाचेल. खादाड वाचेल. धीर वाचेल. पानं फाडायला गेले, तर नेमक्या त्याच पानांवर तारखा.
पाच मिनिटं मागून घेतली आहेत. ती दारात उभी आहे, मेट्रोचं कार्ड हातात घेऊन.
संजीव, १२ तारखेची एक ओळ खोटी आहे. ती अशी उतरव: हात लावला. मीच लावला.