दुसरा नमुना

नवीन पनवेल
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अनुया,

प्रभूच्या नावात सलाम. हे लिहून झाल्यावर वाटलं, खोडावं का. तुला आता हा सलाम आवडत नाही. पण जन्मभर पत्राची सुरुवात अशीच केली आहे, तर राहू दे. तू तुझ्यापुरता 'नमस्कार' वाच.

मी बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. सोसायटीत पाणी सकाळी एकदाच येतं. डोक्यावरून आता विमानं जातात आणि वरच्या मजल्यावरच्या फहमिदाभाभी प्रत्येक विमानाला 'आलं बघा दुबईचं' म्हणतात, मग ते कुठलंही असो. परवा त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या होत्या. तू लावलेला कढीपत्ता जगला आहे.

कागदावर लिहितोय याचं हसू येईल तुला. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि व्हॉट्सअॅपवर मला म्यूट केलं आहेस, हे मला ठाऊक आहे. बरोबरच केलंस. नोहाचं तारू सापडलं, अमक्या शास्त्रज्ञाने देव सिद्ध केला, असले व्हिडिओ रोज तीन-तीन पाठवल्यावर दुसरं कोण काय करणार? तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई. पाच मिनिटांत एकेकाचा निकाल लावायचीस आणि मी लगेच पुढचा शोधायला बसायचो.

वीस तारखेला मम्मीला जाऊन वर्ष होईल. बावीसला, रविवारी, चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना आहे. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं आहे. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "मी येणार नाही पप्पा. मम्मीने स्वतःच स्कॅन नाकारला. मग मी कुणासाठी रडू?" त्यावर मी गप्प बसलो. या पत्राचं कारण ते गप्प बसणं आहे. पण जरा मागून यावं लागेल.

तळोज्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. माझी सही झाल्याशिवाय एक ड्रम गेटबाहेर जात नसे, आणि एका नमुन्यावर मी कधीच बॅच पास केली नाही. आमचा ऑपरेटर बुधाजी वैतागायचा. "सायेब, रीडिंग बराबर हाय ना, मंग परत कशाला?" मी म्हणायचो, परत काढ. तुझा तापसुद्धा मी दोनदा मोजायचो आणि तू थर्मामीटर थुंकून द्यायचीस.

मार्च २०२४ मध्ये, केमो संपल्यावर, मम्मीचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाल्या, औषधाने चांगलं काम केलंय, जूनमध्ये पुन्हा बघू. मला फक्त 'स्वच्छ' एवढाच शब्द ऐकू आला. त्या रविवारी मी चर्चमध्ये उभा राहिलो आणि रिपोर्ट हातात उंच धरून म्हणालो, "हा घ्या पुरावा. आता विज्ञानानेच सही केली आहे." बायका रडल्या. मी तो रिपोर्ट लॅमिनेट करून हॉलच्या भिंतीवर लावला. तुला फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'आता बोल.' तुझं उत्तर आलं, 'फार बरं वाटलं पप्पा. पण हा एकच नमुना आहे. जूनचा येऊ दे.'

माझंच वाक्य तू मला परत दिलंस आणि मला त्याचा राग आला.

पुढे कळंबोली, उरण, तळोजा, जिथे जिथे प्रार्थनासभा असे तिथे मला बोलावणं येऊ लागलं. मी रिपोर्ट घेऊन जायचो. मम्मी शेजारी खुर्चीवर बसायची, लोक तिच्याकडे बघायचे आणि ती पदर सारखा करत राहायची.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू? जूनच्या एकोणीस तारखेचा स्कॅन मम्मीने नाकारला नव्हता. तो मी रद्द केला. सेंटरला फोन करून 'पेशंट गावी गेलेत' असं धडधडीत खोटं सांगितलं. मग जुलैची तारीख घेतली, तीही पुढे ढकलली. लोकांना म्हणायचो, देवाने बरं केल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे अविश्वास. खरं कारण साधं होतं. मला भीती वाटत होती. रिपोर्ट वाईट आला तर गावोगाव दिलेली माझी साक्ष खोटी पडणार होती. मी तुझ्या आईपेक्षा माझ्या साक्षीला जपलं, अनू.

ऑगस्टमध्ये फहमिदाभाभींनी मला जिन्यात गाठलं. "सत्यजीतभाई, भाभी दोनदा बसतात जिना चढताना. पाठीला हात लावून बसतात. अल्लाच्या वास्ते डॉक्टरला दाखवा." मी म्हणालो, वय झालं, दमते. ऑक्टोबरमध्ये ती स्वयंपाकघरात पडली, तेव्हा दाखवायला नेलं. पुढचं तुला माहीत आहे.

आणि दफनभूमीच्या फाटकाशी तू माझा शर्ट धरून विचारलंस, "जूनचा स्कॅन का नाही झाला?" मी म्हणालो, "मम्मी नको म्हणाली." मातीही सुकली नव्हती आणि मी तिच्यावर ढकलून मोकळा झालो. वर्षभर तू मेलेल्या आईवर रागावून बसलीस आणि मी ते होऊ दिलं. स्कॅन न करण्यापेक्षाही मला याची जास्त लाज वाटते.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली आहे. ती जाण्याच्या आठवडाभर आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, खिडकीतून तिच्या पायांवर ऊन आलं होतं. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं हो. सेंटरच्या मुलीने माझ्या नंबरवर फोन करून विचारलं होतं, गावाहून आलात का म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सकाळी त्या रिपोर्टला हात लावून प्रार्थना करायचात. कसं बोलणार?"

"रागावली होतीस?"

"खूप. जुलैभर. रोज सकाळी तो राग प्रभूच्या हवाली करायचे, पोळ्या लाटेपर्यंत परत यायचा. मग पुन्हा द्यायचे. एक दिवस परत आलाच नाही. मी वाटसुद्धा बघितली त्याची."

मग म्हणाली, प्रार्थना करा. मला, इतक्या सभा गाजवलेल्या माणसाला, एक शब्द सुचेना. तेव्हा तिने माझा हात धरला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. माझं नाव घेऊन, माझी चूक सांगून. आवाज जेमतेम निघत होता. त्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी मला पुरतं ओळखतं, आणि तरी उठून गेलेलं नाही, एवढं कळलं. मी तिच्या अंथरुणावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो.

तू म्हणशील, दमलेला माणूस, अपराधी मन, अशा वेळी मेंदू असं करतो. करत असेल. मी वाद घालणार नाही. दुसरा नमुना मागशील तर माझ्याकडे नाही. ती सकाळ आणि ती बाई आता परत मिळत नाही. तरी त्या एका नमुन्यावर मी उभा आहे. तुला तो पास करायला लावणार नाही, आणि लॅमिनेट तर मुळीच करणार नाही. भिंतीवरचा रिपोर्ट मी काढला. तिथे चौकोनी डाग राहिला आहे.

मला तिची फार आठवण येते. जूनमध्ये गेलो असतो तर ती वाचली असती का, असं डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, सांगता येत नाही. क्षमा मिळाली, अनू, पण तुझी आई परत मिळाली नाही.

बावीसला मी मंडळीसमोर उभा राहून हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं. तू मला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. फक्त ये. सलाम म्हणू नकोस, डोळे मिटू नकोस, मागच्या बाकावर बस. पण तुझ्या आईच्या कबरीपाशी राग घेऊन उभी राहू नकोस. स्कॅनच्या आदल्या दिवशी, अठरा जूनच्या संध्याकाळी, तिने जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली आणि शाल पिशवीत भरून पिशवी दाराशी आणून ठेवली होती. ती मी उचलून कपाटावर टाकली.

तुझ्या रागाचा खरा धनी,
पप्पा