कंडक्टरकडे दिलेल्या बाटलीबद्दल

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (खरंच वाकून घातला असता, पण वाकलं की उबळ येते. तेव्हा खुर्चीत बसून घातलेला गोड मानून घे.) तुझा खोकला, भावोजींचे गुडघे, तुझ्या शिलाई मशीनची कुरकुर, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करतो. आशा करण्यावाचून माझ्या हातात आहे काय? सकाळपासून फोन लावतोय आणि तू उचलत नाहीस. भावोजींचा फोनसुद्धा तुझ्याच पर्समध्ये, म्हणजे तो मार्गही बंद. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. काल तुमच्या गल्लीतल्या कंडक्टरबरोबर मी खोकल्याच्या औषधाची जी छोटी बाटली पाठवली, ती उघडू नकोस. उघडली असशील तर घेऊ नकोस. घेतली असशील तर हे पत्र खाली ठेव आणि भावोजींना घेऊन आधी डॉक्टरकडे जा. का, ते सांगतो; पण सुरुवातीपासून सांगावं लागेल, मधूनच सांगायला गेलो तर माझं मलाच कळत नाही.

तुझ्या लोकरी कोटाचं बटण लागेना म्हणून आपलं वाजलं, तेव्हापासून मला हा खोकला आहे. (कोटाचा आणि खोकल्याचा संबंध नाही, फक्त तारीख लक्षात राहावी म्हणून सांगितलं. आणि कोटाचं म्हणशील तर टेप खोटं बोलत नाही, एवढंच म्हणून मी तो विषय बंद करतो.) दुकानात गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलो की मी त्याच्या पोटावर खोकायचो. दोन गिऱ्हाइकं तुटली. शेवटी ही म्हणाली, आता डॉक्टरला दाखवा नाहीतर दुकानाला टाळं लावा. गेलो. डॉक्टरीणबाई आमच्या धाकट्या लेकीच्या वयाची, पण प्रश्न विचारायची पद्धत थेट सासूची. आणखी कुठली औषधं घेता का, म्हणाली. मी नाही म्हटलं. आता सर्दीची गोळी मी रोज घेतो, पण गोळी म्हणजे का औषध? ती तर मी बडीशेपेसारखी घेतो. तिने औषध लिहून दिलं, सकाळी एक माप, रात्री एक माप, बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणानेच मोजायचं, झोप येईल, जपून राहा. मी मान डोलावली. मला वाटतं त्यातलं मान डोलावणं तेवढंच मी नीट केलं.

इथे आपल्या घराण्याचा घोटाळा सुरू होतो. तुला वेगळं सांगायला नको, कापड बेतताना शिवणीच्या आत माया ठेवायची, थोडं कापड जास्तीचं सोडायचं, ही आपल्याला बाबांनी लावलेली शिस्त. (गिऱ्हाईक फुगतं, कापड फुगत नाही, असं म्हणायचे.) चाळीस वर्षं हात त्याच वळणाचा. मोजायचं टोपण पहिल्याच दिवशी गायब झालं, म्हणून मी जेवणाचा मोठा चमचा घेतला, आणि चमचा भरल्यावर हात आपोआप थोडा पुढे गेला. कमी पडायला नको, जास्त झालं तर आतून दुमडता येईल, असं काहीतरी डोक्यात असावं. औषध आतून दुमडत नाही, अक्का. हे मला आत्ता कळतंय. त्यात हीसुद्धा शिंप्याच्याच घरची. मी दुकानातून आलो की मी विसरलो असेन असं धरून ती मला एक चमचा पाजायची, वर थोडी माया सोडून. मी गप्प प्यायचो, कारण मला वाटायचं की आधीचा चमचा मी घेतला नसेनच, नाहीतर ही कशाला देईल? आणि तिला वाटायचं, यांनी घेतला असता तर बोलले असते.

परिणाम असा, की मला दिवसाढवळ्या कशातलं काही कळेना. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मी दोन पावलं पुढे जाऊन मग उत्तर द्यायचो, ते भलत्याच माणसाला. बाटलीवर ठळक लिहिलं होतं की हे औषध घेऊन वाहन किंवा यंत्र चालवू नये. स्कूटर मी लगेच बंद केली, त्या बाबतीत मला कोणी बोट दाखवू नये. पण यंत्र म्हणजे मला वाटलं कारखान्यातलं, धूर सोडणारं. आपलं पायाचं मशीन बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. काल दुपारी मी बँकेतल्या साहेबांच्या कोटाला बाही लावत होतो. लावून झाली, उठलो, तर कोट माझ्याबरोबर उठला. माझ्या सदऱ्याची बाही मी साहेबांच्या कोटाला शिवून टाकली होती, तीही दुहेरी टीप घालून. ही उसवायला आली तेव्हा तिने पाहिलं की कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत. मी कोट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो. एक हात पुढे आणि एक हात मागे, जणू मी एकाच वेळी बँकेत जातोय आणि बँकेतून पळतोय. ही हसून हसून खाली बसली. मला मात्र रडू आलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून उजवं-डावं कधी चुकलं नव्हतं.

तर घोडं कुठे अडलं? हां, बाटली. काल सकाळी, कोटाच्या आधी, मी विचार केला की अक्काही खोकते, फोन उचलत नाही, पण औषध काही परत पाठवणार नाही. म्हणून माझ्या बाटलीतलं अर्धं औषध हिने धुऊन ठेवलेल्या एका छोट्या बाटलीत ओतलं, खुणेला निळा दोरा बांधला आणि दुकानाच्या फळीवर ठेवलं. कंडक्टर आला, मी फळीवरची बाटली त्याच्या हातात दिली, आणि आपलं भांडण मिटलं या समाधानात पाच मिनिटं डोळे मिटले. (ही म्हणते तास झाला होता.) नावाची चिठ्ठी नाही, माप नाही, काही नाही. मनात होतं, अक्का समजून घेईल.

आज उरलेलं संपलं म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. म्हणाला, एवढ्यात संपलं? मी हौसेने सगळं सांगितलं, चमचा, माया, सर्दीची गोळी, तुला पाठवलेलं अर्धं. अक्का, त्या माणसाने कपाळाला हात लावला. जेवणाच्या चमच्यात म्हणे दुप्पट-तिप्पट जातं. सर्दीच्या गोळीनेही झोप येते, दोन्ही मिळून माणूस गुंगतो. डॉक्टरांनी एकासाठी लिहिलेलं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. मी म्हटलं, खोकला तर सारखाच आहे. तो म्हणाला, खोकला सारखा असेल, माणूस सारखा नसतो. त्या आणखी काय घेतात? आणि मला एकदम तुझी झोपेची गोळी आठवली. ते ऐकल्यावर त्याने चष्माच काढला. हे औषध आणि झोपेची गोळी एकत्र झाली तर श्वास मंदावतो, माणूस उठतच नाही कधीकधी, असं तो म्हणाला. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, माझं औषध थांबवलं, संध्याकाळी दाखवायला बोलावलंय. मी आपल्या दुकानात कसा परतलो मला आठवत नाही.

माझं जाऊ दे गं. मी दोन डाव्या बाह्यांवर सुटलो. पण तू माझ्याहून जास्त माया ठेवणारी, मला माहीत आहे. बाबांच्या हाताखाली तूच आधी शिकलीस. तू चमचा घेतला असशील तर शिगोशीग भरून घेतला असशील, आणि वर गोळी. सकाळपासून फोन वाजतोय आणि उचलत नाहीस, तो राग आहे का झोप आहे, हे मला इथून कळत नाही. राग असू दे. देवा, राग असू दे.

कंडक्टर दारात उभा आहे, दोन ओळींची चिठ्ठी द्या म्हणतोय. दोन ओळींत कधी काही सांगून झालंय का?

तुझा धाकटा भाऊ,
बॉबीन
(हे नाव तूच ठेवलं होतंस, तेव्हा लाजत नाही.)

ता.क. बस गेली. कंडक्टर पत्र न घेताच पळाला. आता मागून येणाऱ्या बसने हीच येते आहे. ती म्हणते, मी जातेच आहे तर पत्र कशाला, मी एका वाक्यात सांगते. पण एवढं लिहिलंय तर वाच.

ता.क. २. ही चपला घालताना फळीकडे बघून ओरडली. निळा दोरा बांधलेली औषधाची बाटली फळीवरच आहे. शेजारी तेलाची तशीच बाटली असते, ती नाही. म्हणजे काल तुला मशीनचं तेल गेलं. अक्का, तेही पिऊ नकोस! तोंडाला लागलं असेल तरी डॉक्टर गाठ, चेष्टा बाजूला. लागलं नसेल तर तुझ्या मशीनला घाल, कुरकुर थांबेल. औषधाची बाटली मी आता दुकानदाराकडे परत देतो. (मोजायचं टोपण सापडलं. मीच त्यात बटणं ठेवली होती. काखेत कळसा.)

ता.क. ३. तुझा कोट हिच्याबरोबर पाठवलाय. आत माया होती, बाजू सोडल्या आहेत, आता बटण लागेल. टेप खोटं बोलत नाही, पण थोडं गप्प बसू शकतो. एकच काम कर. मी पुन्हा फोन लावतोय, तो उचल. बोलू नकोस, राग ठेव हवा तेवढा. नुसती खोक. तुझा खोकला मी ओळखतो.