लातूरवरून वळसा

उस्मानाबाद, २ मे १९४४
संकल्प: आमच्या तारघरातून तुळजापूरला जाणारी तार तुटली तरी संदेश अडता कामा नये. या महिन्यात स्कीम लिहून हैदराबादला धाडणारच. उपाय तीन. शेजारी स्पेअर तार: सगळे संदेश जातील, पण खर्च दुप्पट. लातूरवरून वळसा: खर्च नाहीच, मात्र लातूरची लाइन आधीच भरलेली, आपले निम्मेच जातील. घोडेस्वार: स्वस्त, पण दिवस मोडतो. वळसाच उत्तम. प्रमोशन नक्की.

५ मे
तुळजापूरचे तारबाबू खाजामियाँ यांना तारेवरूनच स्कीम कळवली. आमची दोस्ती तारेवरचीच. भेटायचं दर उन्हाळ्यात ठरतं आणि राहतं. त्यांचं उत्तर: ‘बब्रुवानराव, निम्म्यांचं काय? स्पेअर तार मागा, मी पण सही करतो.’ जळतात. उत्तर दिलं नाही.

११ मे
वावटळ. खांब आडवे, लाइन बंद. खरं तर आनंदच झाला. ताबडतोब वळसा लावला. लातूरवाले म्हणाले, थांबा, आमचंच तुंबलंय. खाजामियाँच्या नावानं त्यांच्याकडं हाक दिली, ती ते उद्या तुळजापूरला पाठवतील. लातूरवाल्यांना शिस्त नाही. स्कीममध्ये दोष नाही.

१३ मे
लाइनमन बलभीम तार जोडून आला. लाइन साफ. तरी तुळजापूर गप्प. खाजामियाँ रुसलेत. आपण आधी बोलायचं नाही.

१४ मे, सकाळ
मीच हाक दिली. उत्तर आलं, पण कळ दाबणारा हात परका, ठोके अडखळणारे. ‘खाजामियाँ नाहीत.’ म्हणजे रजेवर! मला न सांगता! लई राग आला.

१७ मे
सर्व्हिस मोटारीनं तुळजापूर. स्कीम खिशात, समोर बसवून पटवणार होतो.
दारात त्यांच्या बायको, रजियाबी. नाव सांगितल्यावर बघतच राहिल्या.
“वावटळीच्या दुसऱ्या दिशी गेले, भाऊ. अंगात लई ताप व्हता. तार बंद पडली तरी तारेच्या कळीपासून उठंनात. म्हनत व्हते, बब्रुवानराव वळसा लावत्याल, त्यांची हाक चुकाया नको.”
“हाक आली का?”
“त्याच संध्याकाळी आली म्हनं. ह्यांना दुपारीच दफन केलं व्हतं.”
त्यांनी चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, त्यांचा आवाज कसा होता हो? मी कधी ऐकलाच नाही.
त्या रडायला लागल्या. विचारायला नको होतं.