अंधारात दिसणारा कॅमेरा

१० नोव्हेंबर, सोमवार

फोर-के खोटं आहे. नव्या कॅमेऱ्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, पण फाइल लॅपटॉपवर उघडून पाहिली. सेन्सर जेमतेम फुल-एचडी देतो, बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं. दिवसा कोणाला कळणार नाही. मला दिवसा नकोच आहे.

संध्याकाळी तिरोड्याहून, वीजमीटर तपासायच्या कामावरून येताना हँडलला लावून चाचणी घेतली. सूर्य असेपर्यंत ठीक. मग सगळा रस्ता राखेच्या रंगाचा — झाड, गाय, डांबर, सगळं एकच. शिवाय बाबांची जुनी गाडी इतकी थरथरते की चित्र उकळतंय असं वाटतं.

परत पाठवणार. मुदत आहे अजून.

घरी सांगितलंय की गाडीवरचे व्हिडिओ काढायचेत, सगळेच काढतात. आई हसली. "तू? तू तं लग्नाच्या फोटोत बी तोंड फिरवतेस!" बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, रात्री बी दिसते का त्यात?

म्हटलं, तसाच शोधून राहिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कशासाठी हवाय ते इथे लिहिते. दुसरीकडे कुठेच लिहिणार नाही.

चंद्रकुमार बारावीपर्यंत माझ्या वर्गात होता. आता रुग्णवाहिकेवर कंत्राटी चालक. गेल्या गुरुवारी रात्री शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, बघून स्वतःच्या गाडीने येत होता. चोरखमारा तलावाच्या पाळीजवळ, मातीच्या बांधापाशी वळण आहे, तिथे पडला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तो म्हणतो, टायरखाली धान आलं, गाडी घसरली, मग गोट्यावर आदळली. पण मागून आलेल्या टेम्पोवाल्याने उचललं तेव्हा रस्त्यावर ना धान होतं, ना गोटे. एक दाणा नाही. म्हणून गाव म्हणतं, पिऊन होता. मंडईतून येत होता ना — तेवढं पुरतं. त्या रात्री सगळ्यांचं लक्ष पायाकडे, रक्तात दारू आहे की नाही ते तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रस्त्यावर धान वाळवणं इकडे कोणाला गैर वाटत नाही. हार्वेस्टरने कापलेलं धान ओलं असतं, खरेदी केंद्रावर घेत नाहीत. मग डांबरावर पसरायचं. गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेने गोटे मांडायचे. दव पडायच्या आत धान गोळा करतात. गोटे राहतात तिथेच, उद्यासाठी. दिवसा सगळे त्यांना वळसा घालून जातात. रात्री ते कोणालाच दिसत नाहीत.

एक डिसेंबरला तिरोड्याला त्याच्या कंपनीची चौकशी आहे. दारूचा ठपका बसला की रुग्णवाहिका गेली. पुन्हा कोणी त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नाही.

मला फक्त रस्ता दाखवायचाय. अंधारात, चालत्या गाडीवरून माणसाला दिसतो तसा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कामावरून येताना वळणावर उतरले. डांबराच्या भेगांत धान अडकलेलं होतं. नखाने काढून डबीत ठेवलं. पण ह्याने काही सिद्ध होत नाही, ट्रॅक्टरमधूनही सांडतं. पाळीकडच्या गवतात शिरले नाही. अंधार पडत होता.

वळणाजवळ ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारलं. बकाराम, लीलाधरकाका आणि आपले बाबा. तिघंही म्हणाले, आम्ही अंगणातच वाळवतो. बाबांना विचारायची गरज नव्हती. पण कोणी सुटायला नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोंदियाला ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यूट्यूबवाले सब यही ले जाते हैं." विचारलं, शटरचा वेग हाताने ठरवता येतो का? त्याने डबा उलटा करून वाचला. मग म्हणाला, वॉटरप्रूफ है!

म्हटलं, लाइट बंद करा. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लाइट घालवले. मी काउंटरखाली चार्जरचे डबे ठेवून रेकॉर्ड केलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबलेली. "अंधेरा करके कैमरा कौन लेता है भाई?" दुकानदार म्हणाला, "मीटरवाली मॅडम हैं, चेक किए बिना पानी भी नहीं पीतीं."

स्क्रीनवर लाल डबा तपकिरी, निळा डबा काळा. अंधारात शटरचा वेग मंदावतो, हललं की सगळं पुसट होतं. किंमत माझ्या आवाक्यातली, कॅमेरा माझ्या कामाचा नाही. आणि जो खरा चांगला होता तो काचेच्या कपाटात होता. त्याच्या किमतीत बाबांची गाडी येईल.

घेतला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात गेले. चंद्रकुमारचा पाय वर टांगलेला. मला बघून म्हणाला, "आली वं व्हिडिओवाली." म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलंय!

त्याची आई, निर्मलाबाई, चहा आणायला गेल्या तेव्हा नीट विचारलं. एक थेंब नाही, म्हणाला. मंडईत दंडारीचं लोकनाट्य बघितलं, भजी खाल्ली, निघाला. पडल्यावर काही वेळ शुद्ध नव्हती. मधेच जाग आली तेव्हा जवळ झाडूचा आवाज येत होता. खरं की स्वप्न, सांगता येत नाही. पुन्हा जाग आली तेव्हा पायाला गमछा आवळून बांधलेला. कोणी बांधला? माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, बांधला नसता तर रक्त फार गेलं असतं.

झाडू आणि गमछा. मी दोन्ही लिहून घेतलं. एकच माणूस?

निघताना म्हणाला, "तू कायले पडून राहिली यात? लोकं बोलतीन."

बोलू दे, म्हटलं. अजून काही म्हणता आलं असतं. 

१९ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या ऑफिसातला वीरेंद्र रविवारी जिल्ह्यातल्याच प्रतापगडपर्यंत गाडी घेऊन जातो, व्हिडिओ टाकतो. नवा कॅमेरा घेतलाय, जुना विकतोय. भिंगाच्या काचेला ओरखडा, एक बॅटरी फुगलेली. पण सेन्सर मोठा आहे. शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, दोन्ही हाताने ठरवता येतात. आधी चालवून बघते, मग ठरवते असं सांगितलं. तो म्हणाला, "ले जा बहन, तू तो वैसे भी रसीद माँगेगी."

घरी आई सकाळपासून चिडलेली. दिवाळीत दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट तिने तुळशीभोवतीच्या गोट्यांना लावला होता. त्यातले दोन गायब, वाढलेलं गवत काढताना आज लक्षात आलं. "गोटे बी चोरून राहिले का आता लोकं?" बाबा म्हणाले, कुत्र्यांनी लोटले असतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वीरेंद्रचाच घेतला. ओरखडा कडेला आहे, चौकटीत येत नाही. बॅटरी नवी मागवली. हँडलला लावला तर थरथर येतेच, म्हणून हेल्मेटच्या हनुवटीला बसवला. डोकं फिरेल तिकडे कॅमेरा फिरतो. मला तेच हवं होतं.

पहिली चाचणी तिरोडा ते घर. अंधारात रंग टिकतात! म्हशीच्या शिंगाला बांधलेलं लाल फडकं लाल दिसलं. दोनदा मागे घेऊन बघितलं.

जेवताना बाबांनी विचारलं, त्या वळणावर कायले थांबतेस रोज?

कोणी सांगितलं?

"दिसलं."

कापणी झाल्यावरही बाबा संध्याकाळी त्या बाजूला कशाला जातात, हे विचारायचं राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. धुकं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांचा आवाज आज पहिल्यांदा चढला. व्हिडिओ पुरे, म्हणाले. लोकांच्या धानाचे फोटो काढत फिरते पोरगी, उद्या गावात कोणी दारात उभं करणार नाही. मी शांतपणे म्हटलं की कोणाचं नाव घेणार नाही, फक्त रस्ता दाखवणार.

"तुले काऊन एवढी पडली त्याची?"

आईने ताटात बघितलं. तिला वेगळं काहीतरी वाटतंय. वाटू दे. मी ताट घेऊन उठले. पण झोपताना लक्षात आलं, बाबा रागावले नव्हते. रागावले की त्यांचे हात स्थिर असतात. आज पाण्याचा गडवा ठेवताना सांडला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज पूर्ण रस्ता घेतला. चाळीसच्या वर गेले नाही. बोदलकशाकडचा फाटा ओलांडल्यावर सरळ रस्त्यावर गोट्यांची रांग होती, धान उचललेलं. मला माहीत होतं, मी तेच शोधत होते — तरी एक गोटा चाकाला घासून गेला. हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. थांबून पाणी प्यायले.  हेही रेकॉर्डिंगमध्ये असणार.

घरी एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. माझ्या डोळ्यांना गोटा दिसला तेव्हा ब्रेक दाबायला वेळच उरला नव्हता. चौकशीत हेच दाखवायचं. पुरेसं आहे असं वाटलं.

मग वळण आलं. आज वळताना डोकं पाळीकडे फिरलं, हेल्मेटबरोबर कॅमेराही. हेडलाइटचा उजेड गवतावरून सरकला. तीन फ्रेम, जास्त नाही. गवताच्या बुडाशी दोन गोटे, कोणीतरी ढकलून दिल्यासारखे. एक चिखलाने माखलेला.

दुसरा हिरवा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी तुळशीपाशी गेले. गोट्यांच्या रांगेत दोन खड्डे. कुत्रे गोटे दीड किलोमीटर लोटत नेत नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

त्या तीन फ्रेम कापता येतात. एक मिनिटाचं काम. पुढचामागचा रस्ता जोडला की शिवणही दिसणार नाही, मला जमतं ते.

पण कापून उरतं काय? महिनाअखेरच्या रस्त्यावरचे गोटे. अधिकारी म्हणेल, ह्याने सहा तारखेचं काय सिद्ध होतं? आणि बरोबर म्हणेल. सहा तारखेला तिथे धान होतं हे सांगणारा माणूस लागतो.

पहिला कॅमेरा ठेवून घेतला असता तर हिरवा गोटा राखाडी दिसला असता. मी सुखाने झोपले असते.

आईला सांगितलं नाही. आज बाबांशी एकच वाक्य बोलले — मीठ द्या.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी आई गावात गेलेली. बाबा अंगणात पोती शिवत होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर पोत्यावर ठेवला आणि ती फ्रेम थांबवून ठेवली. ते बघत राहिले. सुई हातातच.

मग म्हणाले, गमछा माहाच होता.

मी बसले. त्यांनी सांगितलं ते असं. यंदा हार्वेस्टर लावला, धान ओलं निघालं, अंगणात मावेना. मी पहाटे जाते, अंधारात येते, त्या आठवड्यात तर कामासाठी गोंदियालाच राहिले होते, मला दिसायचं कारण नव्हतं. पाळीजवळच्या रस्त्यावर कोणाची ठरलेली जागा नसते म्हणून तिथे पसरलं. गोटे कमी पडले, घरचे दोन नेले. आईला सांगितलं नाही, तिचा त्या गोट्यांत जीव. त्या दिवशी शेतातल्या पाण्याच्या पंपावर उशीर झाला, धान उचलायला रात्र झाली. बाबा पोचले तेव्हा गाडी पडलेली, पोरगं पडलेलं.

"वाटलं पेलेला असन. उठन थोड्या वेळात. मंडईतून येऊन राहिला होता ना."

नंतर गोटे गवतात ढकलले, टेम्पोचा उजेड दिसला तसे बाबा पोती ओढत पाळीमागे उतरले.

मी एकच प्रश्न विचारला. विचारायला नको होता कदाचित, पण त्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आधी काय केलं? धान झाडलं की गमछा बांधला?

बाबांनी सुई पोत्यात टोचून ठेवली. म्हणाले,

"धान."

मी लॅपटॉप बंद केला. ते म्हणाले, उद्या दाखवशील? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. पहिल्यांदाच.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी हेल्मेटला कॅमेरा बसवत होते. बाबा धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे.

"तो राहू दे घरी. मी येऊन राहिलो."

मागे बसले. वळणावर थांबव म्हणाले. उतरले, पाळीकडच्या गवतात शिरले, हिरवा गोटा उचलून आणला. सदऱ्याने चिखल पुसला. तिरोड्यापर्यंत तो मांडीवर धरून बसले होते, दोन्ही हातांनी. मी गाडी हळू चालवली.