कोठार उघडेना

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर बाजूला ठेव, खराब होत नाहीत.

आम्ही सगळे ठीक. तुझी नवी नोकरी बरी चालली असेल, जेवायच्या वेळा पाळत नसशील. फोन करत नाही, कारण दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि तिसऱ्याला तू फोन ठेवतोस. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं. टीव्हीखालचा प्लेअर तुझ्या कोठारातले व्हिडिओ लावत नव्हता. कोठार म्हणजे तू कपाटात बसवलेला तो स्टोरेजचा डबा, ज्यात बाबांच्या सुतारकामाचे बेचाळीस व्हिडिओ आहेत. प्लेअरवर कोठाराचं नाव दिसे, फोल्डर दिसे, आणि बटण दाबलं की 'परवानगी नाही'. ते सोमवारी चारच्या आत टीव्हीवर लागायलाच हवे होते, कारण चारला बाबांच्या उपचारांच्या बाई येतात.

कसले उपचार, ते सांगते. वर ठीक लिहिलं ते सवयीनं. दहा आठवड्यांपूर्वी बाबांना झटका आला. जिवाला धोका नाही. काठीनं चालतात, उजवा हात हळूहळू सुधारतोय, समजतं सगळं. पण बोलता येत नाही. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथंच अडतो, मग ते चिडून मान फिरवतात. बाई म्हणाल्या, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, त्यांचा स्वतःचा आवाज आणि स्वतःचं काम रोज मोठ्या पडद्यावर दाखवा. बाबांचा आवाज फक्त कोठारात होता.

तुला का कळवलं नाही, असं विचारशील. सांगणार आहे, पण मला क्रमानं लिहू दे, नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तर मी कंबर कसली. प्लेअर बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, कोठारही. केबल बदलली. मग तू शिकवलं होतंस तसं राउटरच्या पानावर जाऊन कोठाराचा पत्ता बदललाय का ते बघितलं. बदलला होता. नवा पत्ता रिमोटनं एकेक आकडा दाबत प्लेअरमध्ये घातला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. 'परवानगी नाही' तसंच. कोठाराचं सॉफ्टवेअर नवं केलं, त्यात अर्धा दिवस गेला. तरी तेच. बाबा खुर्चीत बसून माझी ही झटापट बघत होते आणि मधूनच डाव्या हातानं 'राहू दे' अशी खूण करत होते. राहू देणाऱ्यातली मी नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

शनिवारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चांगला पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. म्हणाला, "ताई, मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबतो. सगळं नव्यासारखं होईल."

"आणि व्हिडिओ?"

"ते जातील. पण कनेक्शन शंभर टक्के होईल."

त्याला म्हटलं, टाचणी खिशात ठेवा आणि चहा घ्या. चहा पिता पिता त्यानं एक मात्र कामाचं सांगितलं. कोठार आपल्या नोंदी ठेवतं, कोण आलं, कोणाला परत पाठवलं, ते सगळं त्यात असतं. तो गेल्यावर मी ते पान उघडलं. पानंच्या पानं एकच ओळ होती. प्लेअर जेव्हा जेव्हा चालू झाला, तेव्हा तेव्हा त्यानं 'बारक्या' या नावानं आत यायला बघितलं होतं, आणि कोठारानं प्रत्येक वेळी सांगितलं होतं, या नावाचं इथं कोणी नाही.

ते नाव मी काढलं होतं, बारक्या.

मार्चमध्ये तू बाबांचं वर्कशॉप सांभाळायला नाही म्हणालास आणि बॅग भरून गेलास, त्याच संध्याकाळी. कोठाराच्या चाव्या तूच मला दिल्या होत्यास, माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात पासवर्ड लिहून, 'ताई, मी नसलो तर अडायला नको' म्हणून. त्याच वहीतून पासवर्ड बघून मी आत गेले आणि तुझं नाव पुसलं. 'नक्की का?' असं त्यानं विचारलं, मी 'हो' दाबलं. फार बरं वाटलं होतं तेव्हा. तो फोल्डर फक्त तुझ्या नावानं उघडतो हे डोक्यातच आलं नाही, आणि नंतर कळायचा प्रश्नच नव्हता. बाबा रोज मागच्या खोलीत रंधा मारत होते, कोण कशाला त्यांचे व्हिडिओ लावील?

आता दुसरं, याहून वाईट. झटक्यानंतर तू दर रविवारी बाबांना फोन करत राहिलास. फोन वाजायचा, ते माझ्याकडे बघायचे, मी तो कट करायचे. मग 'कामात आहे, तब्येत चांगली, तू काळजी घे' असा निरोप बाबांच्या फोनवरून तुला जायचा. तो मी टाइप करत होते. तू गेलास ना, मग तुला कशाला सांगायचं, हा माझा ताठा. शिक्षा तुला करत होते आणि भोगत बाबा होते. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. माफ कर.

रविवारी तुझं नाव परत घातलं. माझ्या नावाला परवानगी दिली असती तरी फोल्डर उघडला असता, दोन मिनिटांचं काम होतं. पण मीच पुसलं होतं, मीच लिहायला हवं होतं. फोल्डरसमोर परवानगीची खूण केली, नवा पासवर्ड दिला, तोच प्लेअरमध्ये भरला. सगळे बेचाळीस व्हिडिओ ओळीनं आले.

सोमवारी चारला बाई आल्या. पहिला व्हिडिओ लावला, रंधा मारण्याचा. पडद्यावर बाबा लाकडावर वाकलेत, कॅमेऱ्यामागून तू विचारतोस, "बाबा, किती दाबायचं?" पडद्यातल्या बाबांनी तोंड उघडायच्या आत खुर्चीतले बाबा म्हणाले, "ढकल."

अडखळत, जड जिभेनं, पण म्हणाले. 'दाबायचं नाही, नुसतं ढकल', हेच ते पुढं व्हिडिओतही सांगतात. बाईंनी पुन्हा लावलं, बाबा पुन्हा म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

मग मी विचारून बघितलं. तेच शब्द, शक्य तितक्या तुझ्याच सुरात. मंगळवारी विचारलं, काल विचारलं, आज सकाळीही विचारलं. मला उत्तर देत नाहीत. बेचाळीस व्हिडिओंत तुझे प्रश्न किती असतील? ते संपतील, आणि बाबांकडे सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

वर्कशॉप सांभाळायला बोलावत नाही. तो विषय मी मिटवला, कायमचा. सुट्टी काढ, मिळेल तितकी. तुझ्या गावाहून निघणारी शनिवारची गाडी इथं साडेअकराला पोचते, ते मी विचारून ठेवलंय. मी स्टेशनवर असेन. तू उतरला नाहीस तर फोन करून भांडायचं नाही, घरी परत यायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं, असं मी ठरवलं आहे.

तुला बोलावलंय हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू येऊन खुर्चीशेजारी बस आणि काहीतरी विचार.

तुझी,
जिला बाबा उत्तर देत नाहीत ती
ताई