बाहुलीच्या पायातल्या टाचण्या

अहो,

दहाच्या एसटीनं गडचिरोलीला कॉलेजात जाते, कॅमेरा आणखी चार दिवस मागायला. पहिली बाहुली आईंनी तळ्यात टाकली नसती, तर मागावा लागला नसता.

जुईचं अंग सकाळपासून कोमट लागते. दुपारी औषध द्या. तळ्याकडे एकटी सोडू नका.

टेबलावरच्या बाहुलीला कोणी हात लावायचा नाई. माझ्या सिनेमात तिनं एक पाऊल टाकायला बारा फोटो लागतात, आत्ता सातच झाले. पायातल्या टाचण्या ती पडू नये म्हणून आहेत. आई शेजारणीला सांगतात, "सून करणी करून राह्यली," आणि तुम्ही ऐकून जेवत बसले.

हीही तळ्यात गेली, तर तिसरी करीन. मग दार लावून नाई, अंगणात बसून, साऱ्या गावासमोर.

रंजीता